सागरी शैवलांची ओळख : रंग आणि वर्गीकरण

वास्कोलगतच्या मुरगाव भूशिरापासून उत्तरेस हणजूण, वागातोर आणि पेडणे तालुक्यातील हरमल, केरी येथपर्यंत वाळूच्या पुळणींमधून अधूनमधून खडकाळ पट्टे लागतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी ओहोटी लागली की हे खडक उघडे पडतात व त्यांवर हिरव्या, तपकिरी व लालसर वनस्पतींचे आच्छादन दृष्टीस पडते. लोकव्यवहारात या सर्वांस 'शेवाळ' हे एकच नाव पुरते. परंतु ज्यास त्यांचा उपयोग करावयाचा आहे, त्याचे एवढ्याने भागत नाही. अगार हे काही लाल शैवलांपासून, तर अल्जिनेट हे तपकिरी शैवलांपासून मिळते. जात ओळखण्यात चूक झाली तर गोळा करणाऱ्याचे श्रम व्यर्थ जातात आणि खडकही विनाकारण उघडा पडतो.

आयरिश शास्त्रज्ञ विल्यम हार्वे यांनी १८३६ मध्ये रंगावरून शैवलांचे गट पाडले. हिरवी, तपकिरी व लाल हे तीन गट आजही मानले जातात. हिरव्यांत पानासारखे पातळ अल्वा व जमिनीलगत पसरणारे कॉलर्पा येते. तपकिरी गटात हवेच्या फुग्यांनी तरंगणारे सारगॅसम व पंख्याच्या आकाराचे पॅडायना, तर लाल गटात ग्रॅसिलेरिया व हिप्निया ही गोव्यात आढळणारी उदाहरणे होत. खाडीच्या चिखलात उगवणारे सागरी गवत मात्र यांत मोडत नाही. त्यास खरी मुळे व फुले असतात.

तथापि रंग फसवा असतो. कडक उन्हात वाढलेले ग्रॅसिलेरिया पिवळट हिरवे दिसते व नवख्यास ते हिरवे शैवल वाटते. अशा वेळी शाळेतही करता येण्याजोगा एक उपाय आहे. तुकडा गोड्या पाण्यात काही तास ठेवावा. लाल शैवलातील फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळते व पाण्यास गुलाबी छटा येते. छटा अगदीच फिकट असली तर केवळ तिच्यावरून निर्णय करू नये. अंतिम निर्णय रचना, साठविलेले अन्न व प्रजनन यांवरूनच होतो.

वर हिरवी, मध्ये तपकिरी आणि खोल पाण्यात लाल, असा क्रम पाठ्यपुस्तकांत दिलेला असे. गोव्याच्या खडकांवर तो टिकत नाही. येथील पॉर्फिरा हे लाल शैवल असूनही लाटांचे तुषार झेलीत खडकांच्या अगदी वरच्या भागात वाढते. आणि तेही ऐन पावसाळ्यात, जेव्हा गढूळ, कमी खारट पाणी व लाटांचा मारा यांमुळे इतर बहुतेक शैवले विरळ होतात. पाऊस सरल्यावर ते दिसेनासे होते. अशा शैवलाचे पुढे काय होते, हे कोडे इंग्रज संशोधिका कॅथलीन ड्र्यू यांनी १९४९ मध्ये उलगडले. शिंपल्यांत वाढणारे सूक्ष्म गुलाबी तंतू तोवर कॉन्कोसेलिस नावाची निराळीच वनस्पती समजले जात. ते पॉर्फिराचेच दुसरे रूप ठरले. जपानमधील नोरीची आधुनिक शेती याच शोधावर उभी आहे.

नावे अशी बदलत असतात. लिनियस यांनी १७५३ मध्ये नळीसारख्या व पानासारख्या हिरव्या शैवलांस एकाच अल्वा प्रजातीत ठेविले होते. पुढे नळीसारख्यांस एन्टेरोमॉर्फा म्हणून वेगळे काढले गेले. २००३ मध्ये आनुवंशिक पुराव्यावरून ती पुन्हा एकत्र आली. जुने ग्रंथ वापरणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

सारगॅसम उपटून काढू नये. बुडाची चकती खडकावर राखून वरचा भाग कापावा, म्हणजे नवा फुटवा येतो. बंदराच्या व सांडपाण्याच्या आसपासचे शैवल खाण्यास वापरू नये, कारण ते पाण्यातील जड धातू शोषून घेते. सहलीसाठी मुरगावचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून दिवस ठरवावा. पावसाळ्यानंतरचे थंडीचे महिने सोयीचे. नमुन्याच्या चिठ्ठीवर स्थळ, दिनांक व खडकावरील उंची नोंदवावी. रंग मात्र नमुना ओला असतानाच लिहावा. वाळल्यावर तो तसा राहत नाही.