सही करण्याआधी

कुस्तीच्या मॅटवरून एमएमएच्या पिंजऱ्यात जायचं ठरवलंयस. डावपेच वस्ताद शिकवतील. पैशाचं मी सांगतो, नीट ऐक.

प्रमोटर नेहमी मोठा आकडा आधी बोलतो. "२४ हजार डॉलरची लढत आहे," म्हणेल. त्यातले १२ हजार उतरण्याचे, उरलेले १२ जिंकलास तरच. यूएफसी या अमेरिकी एमएमए कंपनीत नवख्यांना अलीकडे असेच करार मिळत आलेत. तू १२च धर. परदेशी खेळाडूच्या मानधनातून अमेरिकेत साधारण ३० टक्के कर आधीच कापतात; राहिले ८,४००. मॅनेजर आणि जिमने मूळ रकमेवर दहा-दहा टक्के घेतले की ६,०००. त्यात सरावाचे महिने, खुराक, कोचचं तिकीट, सगळं भागवायचं. उत्तम कामगिरीचा बोनस प्रमोटरच्या मर्जीचा असतो, त्याच्या भरवशावर उसने काढू नकोस.

"तीन महिन्यांत पुढची लढत देतो," "एक जिंक, मग बेल्टसाठी लढवतो" असं कुणी म्हटलं की शांतपणे विचार, करारात कुठल्या कलमात आहे? कलम नसेल तर तो शब्द हिशेबात घेऊ नकोस. हेही विचार: समोरच्याने ऐनवेळी माघार घेतली तर उतरण्याचे पैसे मिळतील का? वजन चुकलं तर किती कापणार? सरावात गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा? आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: किती काळ बांधला जाशील, मधे दुसरीकडे लढता येईल का?

फ्रान्सिस एन्गानू यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन होता. जानेवारी २०२२ मध्ये दुखऱ्या गुडघ्यानिशी त्याने बेल्ट राखला, जाहीर मानधन ६ लाख डॉलर. आरोग्य विमा आणि स्वतःचे प्रायोजक घेण्याची मुभा त्याने मागितली. जमलं नाही, तेव्हा करार संपेपर्यंत थांबला आणि जानेवारी २०२३ मध्ये बेल्ट मागे ठेवून बाहेर पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात रियाधला टायसन फ्युरीशी बॉक्सिंग लढून त्याने कितीतरी पट कमावलं. एवढा मोठा गडी, त्यालाही थांबावं लागलं.

अमेरिकेत बॉक्सरला २०००च्या मुहम्मद अली कायद्याने प्रमोटरची कमाई विचारता येते. एमएमएला तो कायदा लागू नाही. बास्केटबॉलवाले लीगच्या उत्पन्नातला निम्म्याच्या आसपास वाटा घेतात. यूएफसीतल्या लढवय्यांचा वाटा वीस टक्क्यांच्या आतच राहिल्याचं कंपनीविरुद्धच्या खटल्याच्या कागदांतून बाहेर आलं. हा अन्याय आहे, आणि त्याची थोडी भरपाई लढवय्यांनी एकत्र येऊनच मिळवली: त्यांचा २०१४ चा दावा ३७.५ कोटी डॉलरवर मिटला, न्यायालयाने त्याला २०२५ मध्ये मान्यता दिली.

म्हणून जिममधल्या पोरांपासून आपला आकडा लपवू नकोस, त्यांचाही विचार. प्रमोटरने सुचवलेला नको, तुझा स्वतःचा वकील कर, आणि त्याने प्रत्येक पान वाचेपर्यंत पेन उचलू नकोस.