साम्राज्य-उभारणीचे पहिले धडे

‘संगणकावरचा खेळ’ हे शब्द उच्चारताच आमच्या काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठी उमटते, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही इतिहास विषय घेतलेल्या माझ्या वर्गबंधूंसाठी, आणि विशेषतः जे या खेळाकडे नव्याने वळले आहेत त्यांच्यासाठी, मी हे लिहिण्याचे धाडस करीत आहे. खेळाचे नाव ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’. स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेने तो २०१३ साली बाजारात आणला. ११ नोव्हेंबर १४४४ रोजी जगाचा नकाशा आपल्यासमोर उलगडतो; त्यातले कोणतेही एक राज्य निवडायचे आणि १८२१ पर्यंत ते सांभाळायचे.

माझ्या खोलीतला सोबती कन्नड विभागाचा विद्यार्थी. त्याने बिदरचे बहामनी राज्य घेतले, मी विजयनगर. आणि सांगायला संकोच वाटतो, पण मी विजयनगर तीन वेळा बुडवले.

पहिल्या वेळी मी कारणाशिवाय युद्ध पुकारले. राज्याची स्थिरता दोन पायऱ्यांनी घसरली आणि शत्रू सीमेवर पोचण्यापूर्वी माझीच प्रजा उठली. म्हणून नवख्याने पहिली गोष्ट ही करावी की शेजाऱ्याच्या मुलखात हेर पाठवून एखाद्या प्रांतावर हक्क तयार करून घ्यावा. त्याला वर्ष-दीड वर्ष लागले तरी चालेल. दुसऱ्या वेळी कर्ज काढून भाडोत्री सैन्य ठेवले, आणि व्याज भरता भरता दिवाळे निघाले. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

तिसऱ्या पराभवाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. पण त्याआधी खेळाचे मर्म सांगतो. या खेळात सोन्याहून मोलाची अशी तीन प्रकारची शक्ती असते : प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी. प्रत्येकीचे दरमहा तीन गुण आपोआप मिळतात, राजाच्या कुवतीप्रमाणे शून्य ते सहा आणखी, आणि पगारी सल्लागार ठेवल्यास त्याचे वेगळे. एवढ्याच पुंजीतून सारा कारभार करायचा. जिंकलेला प्रांत राज्यात मुरवायचा तर प्रशासकीय गुण खर्च होतात, आणि राज्यकारभारातील सुधारणाही त्याच गुणांवर अवलंबून. म्हणजे जो केवळ प्रांतच गिळत सुटतो तो काही वर्षांनी शेजाऱ्यांच्या मागे पडतो. तलवारीने घेतलेला मुलूख कारकुनाच्या लेखणीने आपलासा होतो, ही गोष्ट क्रमिक पुस्तकात मी चार वेळा वाचली असेन. ती पटली ती इथे.

न मुरलेल्या प्रांतांचा भार शंभर टक्क्यांपलीकडे गेला की बंडे, फितुरी, व्यापाराची घसरण अशी संकटे एकामागून एक येऊ लागतात. तेव्हा तहात किती मागायचे हे युद्ध सुरू करण्यापूर्वीच ठरवावे. यावर एक तोडगा आहे, तो म्हणजे मांडलिक. जिंकलेला मुलूख स्वतः न घेता लहानशा मांडलिकाच्या पदरात टाकावा. तो त्याच्या खर्चाने मुरवतो. दहा वर्षांनंतर, संबंध चांगले असतील तर, त्या मांडलिकालाच राज्यात सामावून घेता येते. तो खर्च राजनैतिक गुणांतून होतो.

आता तिसरा पराभव. बहामनींविरुद्धचे युद्ध मी चांगले जिंकलो होतो. डोंगरात वा नदीपलीकडे उभ्या असलेल्या सैन्यावर चालून जायचे नाही, त्यालाच आपल्यावर येऊ द्यायचे, एवढे एव्हाना कळले होते. तहात मी मागता येईल तितके मागितले. सोबती शेजारून नकाशा पाहत होता. तो म्हणाला, “अरे, एवढं एकदम घेऊ नको. गुजरातकडे बघ की.” मी ऐकले नाही.

खेळात प्रत्येक विजयाबरोबर आसपासच्या राज्यांच्या मनात रोष साठतो. जवळच्यांच्या मनात तो अधिक, पराभूताच्या धर्माच्या राज्यांत आणखी अधिक. ज्यांचा रोष पन्नास अंशांवर पोचतो ती राज्ये तुमच्याविरुद्ध संघ करू शकतात. आणि हा रोष उतरतो वर्षाला साधारण दोन अंशांनी. माझा तह झाल्यावर गुजरात, माळवा, खानदेश एकत्र आले. मी शांत बसलो असतो तर कदाचित निभावले असते. पण बहामनींच्या तहाची मुदत संपली, तेही संघात शिरले, आणि चौघे मिळून चालून आले.

त्या रात्री मी शाळेतला तालिकोटचा धडा आठवत बसलो. २३ जानेवारी १५६५. मुसलमान सरदार ऐन लढाईत फितूर झाले म्हणून विजयनगर बुडाले, असे आम्ही पाठ केले होते, आणि मीही परीक्षेत तसेच लिहून गुण मिळवले होते. पण त्याआधीची वीस वर्षे? रामरायाने कधी अहमदनगरला धरून विजापूरला दाबले, कधी विजापूरला धरून अहमदनगरवर स्वारी केली. हे राजकारण कुशल खरेच, पण प्रत्येक स्वारीने रोष साठत होता. शेवटी हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, तिच्याबरोबर वादातले सोलापूरही दिले, आणि विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बिदर एकत्र आले. रणांगणावरची फितुरी खरी मानली तरी ती एका दिवसाची गोष्ट. संघ मात्र अनेक वर्षे शिजत होता. खेळ म्हणजे इतिहास नव्हे, हे मी जाणतो. खेळात रोषाचा आकडा समोर दिसतो, रामरायाला तो दिसत नव्हता. पण धड्यात काय गाळले आहे, ते मला या आकड्यानेच दाखवले.

तेव्हा नवख्याने विस्ताराच्या दिशा बदलत राहाव्यात. एकदा उत्तरेला घाव घातला की पुढली पंधरा-वीस वर्षे तिकडे पाहू नये; मलबारची छोटी राज्ये, सिंहल, मग ओढिशा, असे फिरावे. ज्यांच्याशी तहाची मुदत चालू असते ती राज्ये संघात येऊ शकत नाहीत, याचा उपयोग करून घ्यावा. बलाढ्य शेजाऱ्याकडे वकील पाठवून त्याचे मन राखावे. आणि जमल्यास संघातल्याच एखाद्याला मित्र करावे.

माझे चौथे विजयनगर सध्या १५०८ सालात आहे. दक्षिण किनारा सगळा माझा, तिजोरीत शिल्लक आहे, कर्ज नाही. गुजरातचा रोष अठ्ठावीस अंश आहे. सोबती रोज विचारतो, “बिदरवर कधी येणार?” तहाची अजून सात वर्षे बाकी आहेत, असे मी त्याला सांगतो.