झाडांच्या भरवशावर रात्र

सह्याद्रीत भटकताना तंबू मी आता सहसा नेत नाही. हॅमॉक, दोन पट्टे, टार्प आणि मच्छरदाणी एवढ्यावर रात्र छान निभावते. करून पाहायचं असेल, तर हे अनुभवाचे बोल.

१. दोर नको, पट्टा हवा. निदान अडीच सेंटिमीटर रुंद आणि पॉलिएस्टरचाच. नायलॉनचा रात्रभरात ताणला जातो. बारीक दोर माणसाच्या वजनाने सालीत रुततो. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं. आपल्या एका झोपेसाठी अंजनीच्या किंवा हिरड्याच्या झाडाची ती वाट चिरडायचा आपल्याला काय अधिकार?

२. ताणून बांधू नका. जितकं ताठ तितकी पाठ सरळ, असं नवख्याला वाटतं. होतं नेमकं उलटं. माणूस आत झोपल्यावर पट्ट्याचा जमिनीशी ३० अंशांचा कोन राहिला, तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण आपल्या वजनाएवढा ताण येतो. कोन १० अंशांवर आला की तोच ताण जवळपास तिप्पट होतो. म्हणून सैल बांधा आणि आत तिरके झोपा. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला घेतले की पाठ आपोआप सपाट होते.

३. झाड निवडताना आधी वर बघा. वाळकी फांदी, आग्यामाश्यांचं पोळं, पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं यांपैकी काहीही दिसलं तर पुढचं झाड. मग बुंधा आणि खालच्या फांद्या टॉर्चने न्याहाळा. हिरवा चापडा साप पानांत सहज लपतो. फळं धरलेला उंबरही मी टाळतो, वटवाघळं झोपू देत नाहीत.

४. थंडी खालून येते. डिसेंबरात घाटमाथ्यावर हे हाडापर्यंत कळतं. स्लीपिंग बॅगेची ऊब तिच्या फुगलेल्या भरणात अडकलेल्या हवेची असते. पाठीखाली भरण दबतं, हवा निघून जाते आणि खालून वारा लागत राहतो. पाठीखाली कॅरीमॅट घ्याच. हॅमॉकच्या बाहेरून टांगायची रजई त्याहून सरस, कारण ती दबतच नाही.

५. जमिनीपासून उंच झोपण्याचं मोल आपल्याकडे फार मोठं आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश अनेकदा जाणवतही नाही. पालापाचोळ्यात गोचीडही असतात. सिंधुदुर्गात २०१६ साली आलेली माकडतापाची साथ त्यांच्याच चाव्यातून पसरली. तेव्हा सॅक आणि बूटही टांगून ठेवा.

६. पावसाचं पाणी पट्ट्यावरून ओघळत थेट कापडात येतं. हॅमॉकच्या अलीकडे पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधा, पाणी तिथेच ठिबकून जातं. मात्र मे महिन्यात वळिवाचा गडगडाट ऐकू आला, तर झाडाला बांधलेल्या हॅमॉकमध्ये क्षणभरही थांबू नका. वीज अनेकदा झाडावरच पडते. मी अशी संध्याकाळ दिसली की वस्तीवरच मुक्काम करतो.

७. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. आणि देवराईत तर पट्टा बांधायचाच नाही. आहुप्यासारख्या गावांनी पिढ्यान् पिढ्या जिथली काटकीही उचलली नाही, तिथे आपण लोंबकळणं मला पटत नाही. अशा ठिकाणी गावात विचारून कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकतो, मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली घट्ट खोचून.