सापडलं ना? मग नोंद कर!

अगं छोटे, तुझा नाद मला माहीत नाही असं समजू नकोस. रविवार उजाडला की स्कूटी काढायची, मैत्रिणी गोळा करायच्या आणि कधी उदगीर, कधी मुखेड, कधी देगलूरच्या आडरस्त्याला जुन्या बारवा धुंडाळत फिरायचं. बाबा कुरकुर करतात, आई मुकाट्यानं डबा भरून देते. मला विचारशील तर नाद चांगला आहे. पण एक गोष्ट खटकते, म्हणून आज जरा ताईपणा करते.

बारव सापडली की तू करतेस काय? रील आणि स्टेटस. स्टेटस चोवीस तासांत गायब. रीलखाली जो तो विचारतो, ‘कुठं आहे गं ही?’ आणि तू नुसतं हसरं तोंड टाकून मोकळी होतेस. म्हणजे बारव सापडली ती तुला एकटीला. पुढच्यानं पुन्हा पहिल्यापासून बाभळी तुडवायच्या.

जिओकॅशिंग, म्हणजे लपवलेला डबा जीपीएसवर शोधायचा खेळ, तो खेळणाऱ्यांकडून थोडं शिक. 2 मे 2000 ला अमेरिकी सरकारनं जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमधल्या डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत एक वही आणि पेन्सिल. शोधणाऱ्यानं वहीत सही करायची आणि घरी येऊन ऑनलाइनही कळवायचं, असा त्या खेळाचा रिवाज पडला. त्यातली मला आवडलेली गोष्ट सांगू? डबा सापडला नाही तरी तसं लिहायचं. ओळीनं चार-पाच जणांना सापडला नाही की लपवणाऱ्याला कळतं, डबा गेला असणार, जाऊन बघायला हवं. डबा ओला झालाय, वही भरलीय, हेही तिथंच कळवतात. शोधणारा गप्प बसला की खेळच थांबतो.

तिथं डबा हरवला तर दुसरा ठेवता येतो. आपली बारव बुजली की बुजली. गाळ साचतो, वरून कचरा पडतो, एखाद्या उन्हाळ्यात कुणीतरी मुरूम टाकून जागा सपाट करतं, आणि नकाशावर तिचं नावच नसेल तर ती गेल्याचं कळणार तरी कुणाला? 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा तू शाळेत होतीस. नळाला महिनोन् महिने पाणी नव्हतं. आपल्या भागात पाण्याची जुनी जागा माहीत असणं ही हौशीपुरती गोष्ट नाही, बाई.

आणि नोंद करायची रीत आपल्याकडं नवी थोडीच आहे? कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला शिलालेख सापडला, त्यात जगत्तुंगसमुद्र या जलाशयाचं नाव आहे. हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी ते दगडावर कोरायची तसदी घेतली, म्हणून आज आपण ते नाव घेतो. तुला तर नुसता अंगठा हलवायचाय.

आता नोंद कशी करायची ते ऐक. आधी जागा. गूगल नकाशावर बोट दाबून धरलं की आकडे येतात, ते तसेच्या तसे उतरव. दशांशानंतर दोनच आकडे ठेवलेस तर किलोमीटरभराचा घोळ होतो, पाच ठेवलेस तर मीटरभरावर येतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती गळून जाते, म्हणून आकडे वेगळे लिही. गावाच्या नावापुढं तालुका हवाच. एकाच नावाची गावं आपल्याकडं कमी का आहेत?

मग तारीख. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ दिसणारी बारव एप्रिलमध्ये तळ दाखवते, त्यामुळं बिनतारखेच्या ‘भरपूर पाणी आहे’ला काडीची किंमत नाही. पुढं उतरायच्या वाटा मोज. जुन्या शिल्पग्रंथांत एका वाटेची ती नंदा, दोनाची भद्रा, तिनाची जया आणि चारांची विजया, अशी वर्गवारी आहे. कोनाडे किती, मूर्ती आहे का, अक्षरं दिसतात का, पायऱ्या ढासळल्यात का, मोटारीचा पाइप सोडलाय का, हे लिही. ‘हेमाडपंती आहे’ असं मात्र ठोकून देऊ नकोस. होट्टलची देवळं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, आणि ज्याच्यावरून हेमाडपंती म्हणतात तो हेमाद्री त्यानंतरचा. तू डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिही, काळ जाणकार ठरवतील.

आणि शोधूनही सापडली नाही, तर तेही लिही. ‘गावकरी म्हणाले इथं बारव होती, आता सोयाबीन आहे’ ही लाख मोलाची ओळ आहे.

टाकायचं कुठं? रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेत गावोगावची मंडळी ठिकाणं कळवतात आणि ती गूगल नकाशावर चढतात. तिथं कळव. चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढव, म्हणजे शाळेतल्या पोरांनाही वापरता येतील.

तुझी शंका मला ठाऊक आहे. ‘ताई, जागा जाहीर केली की गुप्तधनवाले कुदळी घेऊन येतात.’ भीती खोटी नाही. पण अगं, ज्यांना खणायचंय त्यांना गावातूनच खबर लागते, अंधारात राहतात ते जपणारे. तरी तारतम्य ठेव. बारव आणि देऊळ उघड लिही; सुटी पडलेली मूर्ती, ताम्रपट, नाणी असं काही दिसलं तर जागेसकट जगाला सांगू नकोस. आधी तहसील कार्यालयाला नाहीतर पुरातत्त्व विभागाला कळव. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काहीही जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नकोस, त्यांचं नाव आणि नंबर नोंदीत घालू नकोस. शेवाळलेल्या पायरीवर चप्पल घालून उतरायचं नाही, एकटीनं तर मुळीच नाही.

‘वेळ मिळत नाही’ हे मला सांगू नकोस. रीलला गाणं निवडायला जेवढा वेळ घालवतेस, तेवढ्यात दोन नोंदी होतात. आज जेवणं आटोपली की फोन घेऊन बस आणि गेल्या दिवाळीपासूनच्या सगळ्या बारवा चढवून टाक. पुढच्या रविवारी खुशाल जा, बाबांना मी समजावते. पण आधी मागची उधारी फेड.