साथीच्या काळात आजाऱ्यांचा समाचार

शास्त्रवाचन : मत्तय 25:31-46, लेवीय 13:1-8, 1 थेस्सल. 2:17-20

पाठाचा हेतू : रुग्णालयातील रोगी आणि वृद्धाश्रमातील वडीलधारी माणसे ह्यांना साथीत कसे जपावे, आणि जपताना त्यांना एकटे कसे पडू देऊ नये, हे समजून घेणे.

आमच्या मंडळ्यांत एक चांगली रीत आहे. कोणी दवाखान्यात दाखल झाल्याचे कळले, की रविवारची उपासना आटोपून पाळकसाहेब, मंडळीचे वडील, महिला मंडळातील भगिनी असे सारे समाचारास निघतात. कोणी पेजेचा डबा घेतो, कोणी फळे. खाटेभोवती उभे राहून प्रार्थना होते. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, ही रीत सारखीच दिसेल. आजाऱ्याची भेट म्हणजे आपलीच भेट असे प्रभूने सांगितले आहे. म्हणून ह्या रितीला आपण धर्मकर्तव्य मानतो.

परंतु 2020 साली करोनाची साथ आली आणि आपल्याला एक कठीण गोष्ट शिकावी लागली. प्रेमाने गेलेले माणूसच रोग्याच्या खाटेपर्यंत मरण घेऊन जाऊ शकते. मग समाचार घ्यावयाचा की नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. आधी घडलेल्या गोष्टी पाहू.

1. भले करणारे हात

व्हिएन्ना शहरातील मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी अधिक माता मरत. इग्नाझ सेमेलवाइस ह्या तरुण डॉक्टरने कारण शोधले : डॉक्टर शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतिगृहात येत, आणि त्यांच्याच हातांनी रोग येई. 1847 च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये शंभर मातांमागे सुमारे 18 मृत्यू झाले होते. थोड्याच महिन्यांत ते प्रमाण दोनच्या आसपास आले.

तरीही पुष्कळ डॉक्टरांना हे पटले नाही. आपण बरे करावयास जातो, आपले हात अपाय कसा करतील, असे त्यांना वाटे. आपलेही असेच होते. आपला हेतू शुद्ध असला म्हणजे आपले हात व आपला श्वासही शुद्ध असतो, असे आपण धरून चालतो.

2. रोग कोणत्या वाटेने आत येतो?

आपल्याकडे लहान खाजगी दवाखान्याला ‘नर्सिंग होम’ म्हणतात. अमेरिकेत तो शब्द वेगळ्या अर्थाने चालतो. ज्या वृद्धांना व दुबळ्यांना रोज परिचारिकेची मदत लागते, ते जेथे दीर्घकाळ राहतात असे ते शुश्रूषागृह असते.

वॉशिंग्टन राज्यातील किर्कलंड येथील अशा एका शुश्रूषागृहात 2020 च्या फेब्रुवारीअखेर करोना उघडकीस आला. 18 मार्चपर्यंत त्या गृहाशी संबंधित 167 जणांना लागण झाल्याचे आढळले : 101 रहिवासी, 50 कर्मचारी आणि 16 भेटीस आलेले लोक. लागण झालेल्या रहिवाशांपैकी सुमारे तिसरा हिस्सा दगावला. तपासात दिसले की काही कर्मचारी आजारी असतानाही कामावर येत होते, आणि काही जण एकाहून अधिक ठिकाणी काम करीत होते. मास्क, झगे ह्यांचीही टंचाई होती.

त्या कर्मचाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याची एक दिवसाची रजा म्हणजे एक दिवसाचा पगार बुडणे, तो अंगात कणकण असूनही कामावर येतो, हे आपल्या घरांतूनही ठाऊक आहे.

त्याच भागातील दुसऱ्या गृहात 76 रहिवाशांची तपासणी झाली. 23 जणांना लागण होती. त्यांतील 13 जणांना त्या दिवशी काहीच लक्षण नव्हते. आठवडाभरात त्यांपैकी 10 जण आजारी पडले. तेव्हा “मला ताप नाही, खोकला नाही” एवढ्यावर दारातून आत जाणे पुरेसे नाही.

मुंबईतही एप्रिल 2020 मध्ये एका मोठ्या खाजगी रुग्णालयात कितीतरी परिचारिकांना लागण झाली आणि ते रुग्णालयच काही दिवस बंद करावे लागले. सेवा करणारी आजारी पडली की खाटेवरचा रोगी आपोआपच निराधार होतो.

3. एकाला वाचविताना दुसऱ्याचा विसर

इंग्लंडमध्ये 17 मार्च 2020 रोजी सरकारने रुग्णालयांना खाटा मोकळ्या करण्यास सांगितले. हेतू चांगला होता. येणाऱ्या रोग्यांसाठी जागा हवी होती. त्या दिवसापासून 15 एप्रिलपर्यंत सुमारे 25,000 माणसे रुग्णालयांतून वृद्धांच्या निवासगृहांत पाठविली गेली. प्रत्येकाची आधी तपासणी करावी असा नियम 15 एप्रिलला आला. दोन वर्षांनी, एप्रिल 2022 मध्ये, तेथील उच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदेशीर ठरविले. लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही रोग पसरू शकतो ह्याचा विचार त्यात झाला नव्हता.

रुग्णालयाचा सर्वांना विचार पडला. वृद्धाश्रमाचा कोणाला पडला नाही. जो मागे कोपऱ्यात बसला आहे त्याचा विसर पडणे, ही चूक आपल्याही हातून होते.

4. रक्षण कशाने होते?

(अ) सेवकाला जपावे. आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा मिळावी आणि तो एकाच ठिकाणी काम करू शकेल इतके वेतन असावे. त्याला मास्क मिळावा आणि तो नीट घालण्याची शिकवण द्यावी.

(आ) हवा खेळती ठेवावी. आरंभी सर्वांचे लक्ष हात आणि वस्तू पुसण्याकडे होते. हात धुणे आवश्यकच आहे. पण करोना मुख्यतः श्वासावाटे पसरतो, आणि बंद खोलीत तो हवेत रेंगाळतो, हे पुढे स्पष्ट झाले. छताचा पंखा तीच हवा फिरवितो. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या म्हणजे ताजी हवा येते.

(इ) लस वेळेवर द्यावी. आपल्या देशात 16 जानेवारी 2021 पासून आरोग्यसेवकांना आणि 1 मार्च 2021 पासून साठीपुढील लोकांना लस मिळू लागली. हाँगकाँगमध्ये 2022 च्या आरंभी मोठी लाट आली, तेव्हा वृद्धाश्रमांतील पुष्कळांनी लस घेतलेलीच नव्हती. मेलेल्यांत बहुतेक वृद्ध व लस अपुरी राहिलेले होते.

(ई) वृद्धांची लक्षणे ओळखावी. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असे नाही. अन्नावरची वासना उडणे, एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे, हीही आजाराची चिन्हे असू शकतात. “वयच झाले” म्हणून सोडून देऊ नये.

5. दार बंद करून भागते काय?

मग दार लावून घ्यावे, असे कोणी म्हणेल. 2020 मध्ये पुष्कळ देशांत तसेच झाले. रोग काही अंशी अडला; परंतु म्हातारी माणसे महिनोन्‌महिने आपल्या माणसाचे तोंड न पाहता राहिली, आणि कित्येकांनी एकट्यानेच प्राण सोडला. शिवाय आपल्या रुग्णालयांत रोग्याजवळ बसलेला नातेवाईक केवळ पाहुणा नसतो. तो पाणी पाजतो, कूस बदलतो, औषध आणतो. त्याला सरसकट बाहेर काढले तर ते काम कोण करणार?

नेदरलँड्स देशाने मधला मार्ग शोधला. मे 2020 मध्ये 26 शुश्रूषागृहांत प्रत्येक रहिवाशाला एकच ठरलेला माणूस, नियम पाळून, भेटू लागला. पहिल्या तीन आठवड्यांत ह्या भेटींमुळे नवी लागण झाल्याचे आढळले नाही, आणि वृद्धांना व घरच्यांना मोठा दिलासा मिळाला.

लेवीयाच्या तेराव्या अध्यायातही हेच दिसते. ज्याच्याविषयी शंका आहे त्याला सात दिवस वेगळे ठेवावयाचे, आणि सातव्या दिवशी याजकाने स्वतः पुन्हा पाहावयाचे. वेगळे ठेवण्याला मुदत आहे, आणि त्या मुदतीअखेर कोणीतरी जाऊन पाहतो.

6. मंडळीने काय करावे?

पौलाला थेस्सलनीकेच्या मंडळीकडे जावयाचे होते, पण वाट अडली. देहाने दूर असलो तरी मनाने जवळ आहोत असे त्याने लिहिले. जाता आले नाही म्हणून तो गप्प बसला नाही. साथीत आपणही तसे करावे :

– रोग्याजवळ एकच माणूस ठरवावे. बाकीच्यांनी त्याच्या घरचे, मुलांचे, डब्याचे पाहावे.
– सर्दी-खोकला असेल तर पाळकांनीही भेटीस जाऊ नये. ह्यात लाज नाही.
– पत्र लिहावे, ठरल्या वेळी फोन करावा. प्रार्थना फोनवरूनही होते.
– परिचारिका, आया, सफाई कामगार ह्यांची विचारपूस करावी. आपल्या मंडळ्यांत परिचारिका पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांना त्या दिवसांत सांभाळणे हाही आजाऱ्याचाच समाचार होय.
– साथ ओसरली की भेटी पुन्हा सुरू कराव्या. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी 5 मे 2023 रोजी संपल्याचे जाहीर केले. पण ज्या खाटेकडे जाण्याची सवय तुटली, तिकडे आपण परत गेलो काय?

शिक्षकांसाठी : मुलांना लेक्चर देऊ नका. वर्गात एका खुर्चीला ‘आजीची खाट’ माना आणि विचारा : आजीला खोकल्यापासून वाचवून तिची करमणूक कशी करावी? मुलांची उत्तरे फळ्यावर लिहा. त्यांतले एक उत्तर त्याच आठवड्यात सर्वांनी मिळून पार पाडा.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपल्या मंडळीतील कोण वृद्धाश्रमात किंवा दीर्घकाळ रुग्णालयात आहे? शेवटी कोण, केव्हा भेटले?
2. भेटीस न जाणे हे प्रेम केव्हा असते, आणि निमित्त केव्हा?
3. आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईला आजारपणात पगारी रजा मिळते काय?