साडेसात वाजतात तेव्हा

अगं, गौरींच्या हळदीकुंकवाच्या दिवशी तू ओट्याशी उभी होतीस. बाहेर बायकांची गडबड चालली होती आणि मी करंज्यांचं ताट न्यायला आत आले. मिक्सरच्या मागे स्टीलचं भांडं होतं. तू ते चटकन उचललंस आणि म्हणालीस, "ताई, पाणी आहे गं." मी काही विचारलंच नव्हतं.

वास आला नाही, घाबरू नकोस. तू लवंग चघळत होतीस आणि व्होडकाला वास कमी असतो, हे मलाही ठाऊक आहे. मला कळलं ते तुझ्या नजरेवरून. संध्याकाळभर तू सगळ्यांच्या ओट्या भरल्यास, प्रत्येकीची विचारपूस केलीस, आणि दर पाच मिनिटांनी तुझी नजर स्वयंपाकघराकडे जात होती. भांडं जागेवर आहे ना, त्यात किती उरलंय, दुसरं कुणी उचललं तर नाही ना. ती नजर मी ओळखते. तीच घेऊन मी अकरा वर्षं बँकेत नोकरी केली.

समारंभात मी हातात ग्लास का धरत नाही, असं कुणी विचारलं की मी पित्ताचं कारण सांगते. तुलाही तेच सांगितलं होतं. खरं कारण घरात फक्त तुझ्या भावोजींना आणि माझ्या लेकाला माहीत आहे. आज तुला सांगते. मी जवळजवळ रोज प्यायचे. एक क्वार्टर, शेवटची दोन वर्षं त्याहून जास्त. आणि सकाळी पावणेदहाला शाखेत हजर असायचे, साडी कडक इस्त्रीची, कॅशचा हिशेब पैशाला पैसा जुळलेला. त्या अकरा वर्षांत मला दोन बढत्या मिळाल्या. कुणाला संशय येणार?

तुझंही तसंच आहे ना? तुझं प्रोजेक्ट वेळेवर जातं, घराचे हप्ते वेळेवर जातात, सासूबाईंच्या औषधांच्या गोळ्या तूच डबीत भरतेस. म्हणून तू स्वतःला म्हणत असशील की दारुडे असे नसतात. दारुडा म्हणजे गटाराशी पडलेला, बायकोला मारणारा, पगार उडवणारा. माझ्याही डोळ्यांसमोर तोच माणूस होता, आणि मी त्याच्यासारखी नाही एवढ्यावर मी अकरा वर्षं काढली.

माझेही नियम होते. साडेसातच्या आधी नाही. गुरुवारी नाही, चतुर्थीला नाही. घेताना दोनच मोठे पेग, मग त्यातला दुसरा जरा मोठा. बाटली विकत घेणं सोपं होतं, रिकामी बाटली घराबाहेर काढणं अवघड. भंगारवाला मोजून नेतो, शेजारीण बघते. म्हणून मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये घालायचे आणि बँकेच्या वाटेवरच्या कचराकुंडीत टाकायचे. दुकानदारानं ओळखीचं हसू नये म्हणून तीन वेगवेगळ्या भागांतली दुकानं धरली होती. एवढं डोकं, एवढी शक्ती मी त्यावर घालवत होते. तू किती घालवतेस, ते तुझं तुलाच माहीत.

आणि श्रावण. यंदाही श्रावण पाळला, असं तू मला फोनवर सांगितलंस. खरंच पाळलास का, हे मी विचारत नाही. मी पाळायचे, कारण त्या एका महिन्याच्या पुराव्यावर मला पुढचे अकरा महिने निर्धास्त काढायचे असायचे. आपल्याकडे कितीतरी माणसं हेच करतात. आदल्या अमावस्येला मनसोक्त घ्यायची आणि महिनाभर दिवस मोजायचे. शेवटच्या वर्षी श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी एका डिमांड ड्राफ्टवर सही करताना माझा हात इतका थरथरला की ती सही माझ्याच नमुन्याशी जुळेना. मला वाटलं उपवासामुळे साखर कमी झाली. चहात दोन चमचे जास्त घातले. संध्याकाळी घाम, छातीत धडधड, रात्रभर डोळा नाही. तिसऱ्या दिवशी मी श्रावण मोडला आणि पंधरा मिनिटांत हात स्थिर झाला. तेव्हा मी घाबरायला हवं होतं. मला बरं वाटलं.

नंतर डॉक्टरांनी मला समजावलं ते तुला सांगते, कारण ते कळल्याशिवाय तू उद्याच रागानं सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये ओतशील. दारू मेंदूला संथ करते. रोज घेणाऱ्याचा मेंदू तिच्या विरुद्ध जोर लावायला शिकतो, म्हणून आपण म्हणतो, 'मला चढत नाही.' ती ताकद नसते, ती मेंदूला जडलेली सवय असते. मग दारू एकाएकी काढून घेतली की तो उलटा जोर मोकाट सुटतो. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. म्हणून बाळा, कितीही वाईट वाटलं तरी एकटीनं, मनाच्या जोरावर, एका रात्रीत बंद करू नकोस. मनाचा जोर तुझ्याकडे भरपूर आहे, त्याचा इथे उपयोग नाही.

आता जरा हिशेब. मी आकड्यांत रमणारी, मला आकड्यांनीच पटलं. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या बाटलीवर बहुतेक ४२.८ टक्के छापलेलं असतं. वजन काढलं तर त्यात शुद्ध अल्कोहोल साठ ग्रॅम निघतं. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत साठ ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणं अतिमद्यपान धरते. म्हणजे पुरुष मित्रमंडळींत शनिवारी 'आज जरा जास्तच झाली' असं जे होतं, ते माझ्या घरी सोमवारी, मंगळवारी, बुधवारी होत होतं. त्यात आपण बायका. आपल्या शरीरात पाण्याचा अंश कमी, म्हणून तेवढ्याच पेगनं आपल्या रक्तात जास्त अल्कोहोल उतरतं आणि यकृत आधी बिघडतं. स्तनाच्या कर्करोगाशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे. मावशीचं काय झालं ते आपण दोघींनी पाहिलंय, त्यामुळे यावर अधिक बोलत नाही.

जॉन युइंग नावाच्या एका अमेरिकी डॉक्टरांचे चार प्रश्न आहेत, १९८४ साली छापून आलेले, अजूनही डॉक्टर विचारतात. आपण कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी पिण्यावरून बोललं तर राग येतो का? अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावीशी वाटली का? दोन 'हो' आले तरी सावध व्हायचं. माझे तीन होते. तुझं उत्तर मला नको, तुझ्याजवळ राहू दे.

पण मी थांबले ते या प्रश्नांमुळे नव्हे. लेक तेव्हा सातवीत होता. सहलीचा कागद सहीसाठी घेऊन संध्याकाळी सहाला माझ्याकडे आला. मी म्हटलं, रात्री करते. तर म्हणाला, "आई, साडेसातच्या आत कर ना. नंतर तू हो म्हणतेस आणि सकाळी तुला आठवत नाही." त्यानं तक्रार केली नव्हती गं. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. आपल्या आईचं वेळापत्रक त्यानं कधीच पाठ केलं होतं. काय मागायचं, काय बोलायचं, कधी बोलायचं नाही. बँकेत माझ्या कामाचं ऑडिट व्हायचं, तिथे मी एक चूक राहू दिली नाही. घरातल्या संध्याकाळींचं ऑडिट करायला कुणी येत नाही, म्हणून मी तिथलं सगळं उधळत होते. मी सही केली, आतल्या खोलीत गेले आणि तुझ्या भावोजींना सगळं सांगितलं. त्यांना निम्मं माहीत होतं. बाटली कुठे असते ते माहीत होतं, किती ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. मला वाटलं होतं, व्याख्यान ऐकावं लागेल. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, शेवटचा पेग कधी घेतला? मग किती, किती वर्षं, कधी फिट आली होती का, घरी सोबत कोण आहे. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी केली, फॅटी लिव्हर निघालं. ते वेळेत थांबलं तर बरंच भरून येतं, असं म्हणाले, आणि माझं भरून आलं. थरथर आवरायला काही दिवस गोळ्या दिल्या, रोज थोड्या कमी करत न्यायच्या, आणि बी-वन जीवनसत्त्व. बँकेत व्हायरल तापाची रजा टाकली. भावोजी आठ दिवस घरी बसले, गोळ्या त्यांच्याच हातात. ज्यांना आधी फिट आलीय किंवा घरी कुणी नाही, त्यांना भरती व्हावं लागतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

पुढे तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही मिळतात, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. डायसल्फिराम नावाची एक आहे, ती चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायची असते. 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींच्या पुड्या लोक प्रेमापोटी वरणात कालवतात. तुझ्या नवऱ्याला कळलं आणि त्याला असं काही सुचलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

नोकरीचं भय तुला वाटत असेल. मला तर डॉक्टरपेक्षा त्याचंच भय जास्त होतं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रासही येतात आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. डॉक्टर तुझ्या ऑफिसला फोन करणार नाहीत.

पहिले तीन आठवडे झोप नव्हती. गोड खायची अशी ओढ लागायची की मी पाव किलो जिलबी एकटीनं संपवली आहे. चिडचिड तर विचारूच नकोस. आणि साडेसात वाजायचेच. त्या वेळेचं काय करायचं हेच खरं कोडं होतं. मी जेवण सातला आणलं, कारण भरल्या पोटी तलफ बोथट होते. माझंही एक स्टीलचं भांडं होतं, ते कामवाल्या मावशींना दिलं. साडेसातला चपला घालून बाहेर पडायचे, सोसायटीला फेऱ्या मारायचे. तलफ लाटेसारखी येते, वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते, हे मला त्या फेऱ्यांत कळलं.

आणि मीटिंग, दारू सोडू पाहणाऱ्यांची. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची माझी पहिली मीटिंग एका शाळेच्या वर्गात होती, लहान मुलांच्या बाकांवर. मी दाराशीच अडले. सगळे पुरुष, एकच बाई. पण ती बाई सरकली आणि बाकावर जागा केली. तिथं मला कळलं की ही संस्था १९३५ साली अमेरिकेत अक्रनमध्ये ज्या दोघांनी सुरू केली, त्यांतले एक, बॉब स्मिथ, सर्जन होते. ऑपरेशन करणारे हात. मी त्या रात्री पहिल्यांदा माझ्यासारख्या माणसाबद्दल ऐकलं. तिथं कुणी जन्मभराचं वचन मागत नाही, आजचा दिवस फक्त. जन्मभराचं म्हटलं असतं तर मी पळून आले असते.

पाचव्या महिन्यात मी घसरले. त्याला तिथे 'स्लिप' म्हणतात. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात एक ग्लास घेतला, आणि घरी येताना दुकानासमोर रिक्षा थांबवली. दुसऱ्या दिवशी मी ते मीटिंगमध्ये बोलले. कुणी मला ओरडलं नाही, कुणी पाठही थोपटली नाही. पुन्हा दिवस पहिला. त्याला आता नऊ वर्षं होत आली.

मुक्तांगणचं नाव तुला माहीत आहे, येरवड्याचं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं १९८६ साली सुरू केलेलं. तिथं निशिगंध नावाचा बायकांचा वेगळा विभाग आहे, हे मात्र पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. गरज पडली तर तिथं जाऊ. तुला एकटीला काही वाटलं आणि माझा फोन लागला नाही, तर १४४४६ वर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४१६ वर टेली-मानस आहे, रात्रीही उचलतात.

शनिवारी सकाळी अकराची वेळ मी माझ्या डॉक्टरांकडे घेतली आहे, माझ्या नावानं. तू नाही आलीस तर मी जाऊन बसेन आणि परत येईन, रागावणार नाही. तोपर्यंत जेवढी रोज घेतेस ती एकदम तोडू नकोस, वाढवू नकोस आणि घेऊन गाडी चालवू नकोस. हात फार थरथरले, डोळ्यांसमोर काही भलतं दिसलं, तर शनिवारची वाट न पाहता सरळ हॉस्पिटल गाठायचं, मला रस्त्यातून फोन करायचा.

पहिला प्रश्न तेच विचारतील, शेवटचा पेग कधी. खरी वेळ सांग. मी आत आलेली चालत असेल तर आत येते, नाहीतर बाहेर बाकावर बसते. रिक्षा घेऊन दहाला तुझ्या दाराशी आहे. घरी सांगू, ताईच्या पित्ताचं दाखवायला चाललोय.