चि. मकरंद यास, टायगरच्या साखळीविषयी

 आबाकाकांच्या या पत्रास कारण असे की, साताऱ्याहून परतलेल्या आत्याबाईंनी सांगितलेल्या वृत्तामुळे घरातील वडीलधाऱ्यांचे चित्त स्वस्थ नाही : मकरंदचा डॉबरमन टायगर रात्रंदिवस गोदामाच्या फाटकाशी आखूड साखळीने बांधलेला असतो, आणि वय वाढले की डॉबरमनचा मेंदू कवटीत मावेनासा होऊन तो धन्यावरच उलटतो, या ऐकीव गोष्टीमुळे मकरंद स्वतःही आता त्याला हात लावत नाही.

मेंदूची ही गोष्ट निखालस खोटी आहे. निरोगी कुत्र्याचा मेंदू पूर्ण वाढीनंतर फुगत जात नाही, आणि डॉबरमन त्याला अपवाद नाही. ही जात जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील आपोल्डा या गावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आली. तेथील कार्ल फ्रीडरिश लुई डॉबरमन हा करवसुलीचे आणि मोकाट कुत्री पकडण्याचेही काम करी; वसुलीच्या फेरीत सोबत राहून रक्षण करील असा कुत्रा त्याला हवा होता. त्याने नोंदी ठेवल्या नाहीत, त्यामुळे कोणकोणत्या जातींचा संकर झाला याविषयी तर्कच करावा लागतो. जर्मन पिन्शर आणि रॉटवायलरचे पूर्वज यांची नावे त्यात घेतली जातात. १८९४ मध्ये तो वारल्यावर ओटो ग्योलर याने जातीला स्थिर रूप दिले. मूळ हेतू मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे : हा राखणदार माणसाच्या पावलाशी चालण्यासाठी घडवलेला आहे, फाटकाशी एकटा बांधून ठेवण्यासाठी नव्हे. साखळीत कोंडलेला, माणसाच्या स्पर्शाला पारखा झालेला डॉबरमन शूर होत नाही, भित्रा होतो, आणि भ्यालेल्या कुत्र्याला चोर व पाहुणा यांतील फरक कळत नाही.

माणसावाचून कुत्रा कसा झुरतो याचे उदाहरण घरातच आहे : वाड्यातील मोती हा कुत्रा मकरंदने पाहिला नाही, पण त्याच्या वडिलांना तो आठवत असेल. आबाकाका नोकरीसाठी मुंबईस गेल्यावर तो ओसरीवरून हलत नसे. त्याच्या अखेरच्या दिवसांत आबाकाकांना रजा मिळाली नाही, आणि ती रुखरुख इतक्या वर्षांनीही गेलेली नाही.

टायगरच्या अंगावर आखूड केसांचा एकच थर असल्यामुळे त्याला साताऱ्याची थंडी सोसत नाही व तापलेली फरशीही सोसत नाही. त्याचे अंथरूण घरातच असावे. जेवण दोन वेळांत विभागून द्यावे आणि त्यानंतर लगेच पळवू नये, कारण छाती खोल असलेल्या कुत्र्यांत जठर फुगून पिळा पडण्याचा धोका असतो व तो काही तासांत जिवावर बेततो. याहून मोठी चिंता हृदयाची आहे. हृदयाचा स्नायू पातळ व दुबळा होऊन त्याचे कप्पे ताणले जाण्याचा विकार या जातीत फार आढळतो. युरोपातील एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून अधिक डॉबरमनांना तो आयुष्यात केव्हातरी जडल्याचे दिसले. वरवर धडधाकट कुत्रा चक्कर येऊन कोसळणे हेच पुष्कळदा त्याचे पहिले लक्षण असते. म्हणून दरवर्षी सोनोग्राफी आणि चोवीस तासांची होल्टर तपासणी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची अखंड नोंद, करून घ्यावी. या तपासण्यांचा खर्च आबाकाका देतील, त्याबाबत संकोच करू नये. या जातीत रक्त लवकर न गोठण्याचा आनुवंशिक दोषही असतो, तेव्हा कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तशी चाचणी करण्यास सांगावे.

आणि पुन्हा तेच, साखळी सोडावी. सकाळ-संध्याकाळ पट्टा हाती धरून मकरंदनेच त्याला लांबवर फिरवावे, घरच्यांच्या वावरात ठेवावे, आणि मारझोड न करता शांत आवाजात शिकवावे. आरंभी टायगर बिचकेल, त्याला वेळ द्यावा.

एवढे कठोर लिहिले तरी मकरंदच्या मनात क्रौर्य नाही हे घरात सर्वांना ठाऊक आहे. आजारी वासराशेजारी गोठ्यात रात्र काढणारा मुलगा तोच होता. गोदामात चोरी झाली, त्यानंतर त्याची झोप उडाली असेल, आणि त्या वेळी थोरल्यांपैकी कोणीही साताऱ्यास गेले नाही, याचेही वाईट वाटते. दिवाळीनंतर आबाकाका व काकू चार दिवस राहावयास येत आहेत. तोवर त्याने स्वतःच्या जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात, आणि रात्री हिशेबाला बसताना टायगरला शेजारी घ्यावे.